आंबाड्यातला माउई आणि पडद्यावरचा माउई

'मोआना' पाहिलेल्या कुठल्याही पोराला विचारा, त्यातल्या माउई या अर्धदेवाचे आईबाप कोण? माणसंच होती, त्यांनी तान्ह्याला समुद्रात फेकलं, मग देवांनी उचलून जादूचा गळ दिला, असं उत्तर येईल. २०१६च्या या डिस्नेपटात त्याच्या घरचं एवढंच कळतं, तेही पाठीवरच्या गोंदणावरून. भाऊ नाहीत, बहीण नाही. आजी आहे ती नायिका मोआनाची.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, कथेतही बाळ समुद्रात जातं, म्हणून घोळ होतो. पण तिथे आईला नाव आहे, तारांगा. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं मूल गेलं असं समजून ती आपल्या डोक्यावरचा आंबाडा कापते, त्यात त्याला गुंडाळते आणि लाटांवर सोडते. त्याचं पूर्ण नावच मुळी माउई-तिकितिकी-अ-तारांगा, म्हणजे तारांगाच्या आंबाड्यातला माउई. (आपल्याला कर्ण आठवणारच, पण कुंतीने सोडलं ते जिवंत मूल, लोकलाजेपायी.)

एका पूर्वजाने वाढवलेला हा पोरगा पुढे घर शोधत येतो आणि भावांच्या मागे गुपचूप बसतो. तारांगा मुलं मोजते. एक, दोन, तीन, चार... आणि हा पाचवा कुठला? तू माझा नाहीस, चालता हो! मग तो आंबाड्याची खूण सांगतो. त्या रात्री आई त्याला आपल्या कुशीत झोपायला बोलावते आणि भावांचा जळफळाट सुरू होतो. चित्रपटाने हा प्रसंग गाळला याची मला खरंच चुटपुट लागते.

गळाचंही तसंच. पडद्यावर तो देवांची देणगी आहे. माओरी कथेत आजी मुरी-रांगा-व्हेनुआच्या जबड्याचं हाड. त्याच गळाने माउईने जो मासा ओढून काढला तो न्यूझीलंडचं उत्तर बेट, ते-इका-अ-माउई. हावरट भावांनी तो मासा वेडावाकडा कापला, म्हणून तिथे डोंगरदऱ्या. माउईने माणसांसाठी मिळवलेली आगही परक्याची नाही, पूर्वज असलेल्या माहुइकाच्या नखांमधली.

हवाईत गेलात की नाती बदलतात. तिथे आई हिना, बाप अकालाना. दिवस लहान म्हणून हिनाचं सालीचं कापड वाळेना, तेव्हा माउईने हालेआकाला डोंगरावरून सूर्याला फास टाकला. माओरी कथेत मात्र हिना त्याची बहीण, आणि काही बेटांवर बायको. चित्रपटातल्या गाण्यात माउई ईल मासा मारून नारळाचं झाड उगवल्याची फुशारकी मारतो. मूळ कथांमध्ये त्या ईलच्या भांडणात हिना असते. गाण्यात ईल उरला, हिना गेली. पॉलिनेशियातल्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या याच बेटांवरच्या, काही अभ्यासकांची नाराजी नेमकी यावरच होती.

बापाचा वाटाही विसरू नये. माओरी कथेत माकेआतुतारा मुलावर संस्कार करताना मंत्रात चुकतो आणि तिथेच माउईचं मरण ठरतं. मृत्यूवर मात करायला तो हिने-नुई-ते-पो या मृत्युदेवीच्या झोपलेल्या देहात शिरतो. तीही पूर्वजच. ते दृश्य बघून पिवाकावाका हा चिमुकला पक्षी फिस्सकन हसतो, ती जागी होते आणि माउई संपतो.

चित्रपटातला माउई २०२४च्या दुसऱ्या भागातही ठणठणीत आहे.