जुन्या घराची दुरुस्ती चौरस फुटाच्या दरावर निघत नाही

पुण्या-मुंबईत राहून यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावात भाड्याने द्यायला जुनं घर घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं एकच हिशेब सांगितला जातो: क्षेत्रफळ गुणिले चौरस फुटाचा दर, झाला दुरुस्तीचा खर्च. हे चूक आहे. तो दर नव्या बांधकामाचा. दुरुस्तीत गिलावा भिंतीच्या मापावर, वायरिंग पॉइंटवर आणि रेती १०० घनफुटांच्या ब्रासवर मोजतात.

खरी मेख काळ्या मातीत आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग फोटोत केसाएवढी दिसते. नुसती लिंपली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. म्हणून मिस्त्रीला भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटने बसवून तारीख लिहायला सांगा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. मग आधी पाया, नंतर गिलावा. घाई नको, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्याच.

फोटो मोजायची टेप लावूनच मागवा. कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर भर दुपारी आतून दाखवायला सांगा, उजेडाची भोकं मोजता येतात. मजुरी विचारताना कामाचा महिनाही सांगा. सोयाबीन काढणीत आणि कापूस वेचणीत माणसं मिळणं कठीण.