आलेख आणि कान : हेडफोन जमवण्याच्या छंदामागचा इतिहास

कुठल्याही हेडफोनचा आलेख आज मोबाइलवर दोन मिनिटांत बघायला मिळतो. खर्जातल्या २० हर्ट्झपासून टिपेच्या २०,००० हर्ट्झपर्यंत आवाजाचा कुठला भाग किती डेसिबलनं पुढे येतो आणि कुठला मागे राहतो, हे एका वळणदार रेषेत मांडलेलं असतं. रेषा आदर्श वक्राच्या जवळ असेल तर हेडफोन चांगला, लांब असेल तर वाईट, असा निवाडाही सोबत तयार असतो. तरीही ज्यांचा आलेख वेडावाकडा आहे असे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे हेडफोन जगभरातले लोक शोधतात, दुरुस्त करतात, जपून वापरतात. या हौसेला अज्ञान म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण ते चुकीचं आहे. ‘योग्य आवाज’ म्हणजे काय, ही कल्पनाच गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली, आणि दर वेळी ती बदलण्यात माणसाच्या कानांचा मोठा वाटा होता.

सुरुवात १८८१ सालच्या पॅरिसपासून करायला हवी. तिथल्या वीजप्रदर्शनाच्या निमित्तानं क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचावर दोन्ही बाजूंना मायक्रोफोन लावले आणि चाललेलं गाणं टेलिफोनच्या तारांवरून प्रदर्शनाच्या दालनात पोहोचवलं. श्रोत्यानं दोन कानांना दोन रिसीव्हर धरायचे. डाव्या कानात रंगमंचाची डावी बाजू, उजव्यात उजवी. गायक चालू लागला की आवाजही सरकायचा आणि लोक थक्क व्हायचे. १८९० पासून ‘तेआत्रोफोन’ या नावानं हीच सेवा वर्गणी भरून घरी घेता येऊ लागली. हेडफोनचा संगीताशी संबंध आला तो असा, स्टिरिओ रेकॉर्ड निघण्याच्या पाऊण शतक आधी.

मधला काळ मात्र संदेशवहनाचा. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन या माणसानं घरच्या स्वयंपाकघरात बसून बनवलेले हेडफोन १९१० मध्ये अमेरिकी नौदलानं घेतले. बिनतारी संदेशाचा क्षीण कट्‌-कट्‌ आवाज ऐकू येणं एवढीच तिथली गरज होती, गोडव्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. त्या काळातल्या स्वस्त क्रिस्टल रेडिओसंचात लाउडस्पीकर चालवण्याइतकी ताकदच नसे, त्यामुळे अशा संचावर कार्यक्रम ऐकायचा तर हेडफोन लावूनच. १९३७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीनं डीटी ४८ काढला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला पडदा, असा हा डायनॅमिक हेडफोन. आजचे बहुसंख्य हेडफोन याच तत्त्वावर चालतात. डीटी ४८ चं उत्पादन पुढं सात दशकांहून अधिक काळ चालू राहिलं, त्यामुळे संग्राहकांच्या घरी तो आजही भेटतो.

घरी बसून निव्वळ आनंदासाठी हेडफोननं संगीत ऐकायचं, ही सवय रुजवली ती जॉन कॉस यानं. अमेरिकेतल्या मिलवॉकीमधला हा जॅझवेडा तरुण इस्पितळांना टीव्ही भाड्यानं देण्याचा धंदा करत होता. १९५८ मध्ये त्यानं अभियंता मार्टिन लँगे याच्यासोबत एक उचलून नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर गावातल्या ध्वनिप्रदर्शनात मांडला. इतरांना त्रास न होता ऐकता यावं म्हणून सोबत स्टिरिओ हेडफोन ठेवले. लोक प्लेअर सोडून हेडफोनवरच खिळले. स्टिरिओ रेकॉर्ड नुकत्याच बाजारात येत होत्या, त्यामुळे वेळही अचूक जुळून आली. एसपी-३ नावाचा तो हेडफोन आजच्या मापानं अगदी साधा होता, पण त्यानं एक दार उघडलं.

त्या दारातून पुढच्या वीस वर्षांत जे आलं, ते या छंदाचं खरं धन आहे. प्रत्येक कारखान्याकडे आवाजाविषयी वेगळा विचार होता आणि नक्कल करावी असा एकच नमुना कुणापुढेच नव्हता. जपानच्या स्टॅक्सनं १९६० मध्ये एसआर-१ हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन विक्रीला आणला. यात वेटोळं नाही, चुंबक नाही. जाळीदार अशा दोन विद्युत्‌पट्ट्यांच्या मध्ये अतिशय पातळ, विद्युत्‌भारित पापुद्रा ताणलेला असतो आणि तो सगळाच्या सगळा एकदम हलतो. त्याला स्वतंत्र यंत्रातून शेकडो व्होल्टचा दाब द्यावा लागतो. पापुद्र्याला वजन जवळपास नसल्यामुळे झांजेचा किंवा सतारीच्या तारेचा पहिला आघात ज्या चपळाईनं उमटतो, ते ऐकल्यावर माणूस स्टॅक्सच्या नादी का लागतो ते कळतं. स्टॅक्सनं आपल्या मालाला हेडफोन न म्हणता ‘इअरस्पीकर’ म्हणणं पसंत केलं.

मग १९६८ चा झेनहायझर एचडी ४१४. तोवर समजूत अशी होती की कान नीट झाकला पाहिजे, बाहेरचा आवाज आत येता कामा नये. झेनहायझरच्या अभियंत्यांनी मागची बाजू उघडी ठेवली आणि कानावर फक्त पिवळ्या फोमची गादी टेकवली. बंद कपात घोंगावणारा आवाज मोकळा झाला, वजन उतरलं, कानाला घाम येईना. एक कोटीहून अधिक एचडी ४१४ विकले गेले. त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २००० ओहम, त्यामुळे आजच्या फोनला जोडला तर तो नीट चालतच नाही. त्याला जुन्या पद्धतीचा, पुरेसा व्होल्टेज देणारा अँप्लिफायर लागतो.

१९७५ च्या सुमाराचा एकेजीचा के २४० तर माझा विशेष आवडता. व्हिएन्नाच्या या कंपनीनं मुख्य ड्रायव्हरभोवती, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाभोवती, सहा छोटे निष्क्रिय पडदे बसवले. त्यांना वीज मिळत नाही. कपातल्या हवेच्या हालचालीनं ते आपोआप कंप पावतात आणि खालच्या सुरांना भर देतात. या रचनेमुळे त्याला ‘सेक्सटेट’, म्हणजे सहांचा ताफा, म्हणतात. आलेखात खालचा भाग फुगीर दिसतो आणि वरचा दबलेला, पण त्यावर तबल्याचा डग्गा ऐकावा. घुमाऱ्याला एक गोलाई येते, जी मला अधिक ‘अचूक’ हेडफोनवर मिळत नाही. १९७६ मध्ये यामाहाचा एचपी-१ आला, रूप मारिओ बेलिनी या इटालियन रचनाकाराचं. यात पातळ पडद्यावरच तारेची नक्षी छापलेली आणि दोन्ही बाजूंना चुंबकांच्या रांगा. यामाहानं याला ‘ऑर्थोडायनॅमिक’ म्हटलं, आज त्याला प्लॅनर म्हणतात. ऐंशीच्या दशकात हे तंत्र बाजारातून जवळपास नाहीसं झालं.

ते परत आलं, त्यात हौशी मंडळींचा हात मोठा होता. जुने यामाहा आणि स्टुडिओसाठी बनणारा फॉस्टेक्सचा टी५०आरपी हा प्लॅनर हेडफोन उघडून, आत नमदा, कापूस, चिकणमाती असं काही ना काही बसवून लोक आवाज दुरुस्त करत राहिले. डॅन क्लार्क हा अमेरिकी अभियंता टी५०आरपीमध्ये असेच बदल करता करता स्वतःची कंपनी काढून बसला. साधारण २००९ पासून हायफायमॅन आणि ऑडिझी यांच्यासारख्या नव्या कंपन्यांचे प्लॅनर हेडफोन बाजारात आले आणि संपलेलं समजलं गेलेलं तंत्र पुन्हा मुख्य प्रवाहात बसलं.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीला आला आणि हेडफोन रस्त्यावर उतरला. घरी वापरायचे हेडफोन तेव्हा ३०० ते ४०० ग्रॅमचे असत, सोनीनं वॉकमनसोबत दिलेला सुमारे ५० ग्रॅमचा होता. यानंतर कंपन्यांचं लक्ष स्वस्त आणि हलक्या मालाकडे वळणार हे उघड होतं. तरीही १९८९ ते १९९१ ही तीन वर्षं संग्राहकांच्या दृष्टीनं सुवर्णकाळ ठरली. १९८९ मध्ये एकेजीचा के १००० आला. तो कानाला टेकतच नाही. दोन जाळ्या कानांच्या बाजूला पंखांसारख्या तरंगत राहतात आणि त्याची वायर थेट स्पीकरच्या अँप्लिफायरला लावावी लागते. त्याच वर्षी सोनीचा एमडीआर-आर१० आला. कप झेल्कोवाच्या जुन्या लाकडाचे, पडदा जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या सेल्युलोजचा, किंमत ३ लाख ६० हजार येन. १९९१ मध्ये झेनहायझरनं व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरसह ‘ऑर्फियस’ काढला, अवघे सुमारे ३०० संच. नफ्याचा हिशेब बाजूला ठेवून, आवाज कुठवर नेता येतो हे बघण्यासाठी बनवलेल्या या वस्तू आहेत, आणि त्या ऐकायला मिळणं हे भाग्य.

आता मोजमापाकडे येऊ. मोजमापाचा आणि कानाचा वाद फक्त हेडफोनपुरता नाही. सत्तरच्या दशकात अँप्लिफायरवाल्यांमध्ये विकृतीचा, म्हणजे मूळ आवाजात यंत्रानं केलेल्या बिघाडाचा, टक्का कमी करण्याची चढाओढ लागली होती. दशांश चिन्हापुढची शून्यं वाढत गेली, पण काही यंत्रं ऐकायला कोरडी, कर्कश वाटत. फिनलंडच्या मॅटी ओटाला यानं १९७० पासून दाखवायला सुरुवात केली की स्थिर सुरावर केलेल्या चाचणीत न दिसणारी विकृती सुराच्या अचानक चढउतारात निर्माण होऊ शकते. म्हणजे कान काहीतरी सांगत होता आणि मापणारा चुकीच्या जागी बघत होता. त्याआधीच, १९६२ मध्ये, जे. गॉर्डन होल्ट यानं ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक काढून यंत्राची परीक्षा प्रत्यक्ष ऐकूनच करायची असा पायंडा पाडला होता.

हेडफोनच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. स्पीकरचा आलेख सपाट असणं इष्ट, यावर साधारण एकमत आहे. हेडफोनचा आलेख सपाट असून चालत नाही. समोरून येणारा आवाज बाह्यकर्णाच्या वळ्यांत आणि कर्णनलिकेत शिरताना बदलतो, साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास तो चांगलाच उचलला जातो. हेडफोननं हा बदल स्वतः घडवून द्यायचा असतो. पण किती? आधी मानलं गेलं की प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत समोरच्या स्पीकरसारखा. १९८६ मध्ये जर्मनीच्या ग्युंथर टाइलं यानं मांडलं की आवाज सगळ्या दिशांनी सारखा येतो तसा. मग स्टुडिओचे हेडफोन त्या मापानं बनू लागले. २०१२ पासून हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी तिसरा मार्ग घेतला : माणसांना बसवून, ब्रँड न दाखवता ऐकवायचं आणि त्यांना काय आवडतं ते विचारायचं. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज लोकांना आवडला, आणि त्यातून ‘हार्मन वक्र’ तयार झाला.

आज ज्याच्याशी ताडून हेडफोनचा निवाडा करतात तो वक्र हाच. तो श्रोत्यांच्या पसंतीतून आलेला आहे, भौतिकशास्त्राच्या एखाद्या नियमातून नव्हे. याच संशोधकांनी पुढं श्रोत्यांची वर्गवारी केली तेव्हा सुमारे ६४ टक्के लोकांना हा वक्र जसाच्या तसा आवडला, १५ टक्क्यांना खर्ज आणखी हवा होता, २१ टक्क्यांना कमी. कमी मागणाऱ्यांत स्त्रिया आणि वयानं मोठे श्रोते तुलनेनं अधिक होते. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण बहुमत काय आहे हे सांगताना त्यानं उरलेल्या एक तृतीयांश लोकांनाही नोंदवून ठेवलं. जेरोन ब्रेबार्ट यानं २०१७ मध्ये २८३ हेडफोनचे आलेख तपासून दाखवलं की किंमत आणि आलेख यांचा संबंध लागत नाही. महाग ते चांगलं, हा भ्रम मोजमापानंच मोडला. त्याबद्दल संग्राहकानं मापणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत.

तरीही आलेखाच्या कक्षेबाहेर बरंच काही उरतं. साधारण ८,००० हर्ट्झच्या वर मोजमापासाठी हेडफोन ज्याला लावतात त्या पुतळ्याचा कान आणि तुमचा कान यांत इतका फरक पडतो की ती रेषा तुमच्यासाठी नेमकी कशी असेल हे सांगणं कठीण. पॅड, म्हणजे कानावरची गादी, थोडं दबलं, चष्म्याची काडी मध्ये आली, तरी खर्ज बदलतो. आणि मुख्य म्हणजे, काय ऐकता ते आलेखाला ठाऊक नसतं. १९२५ च्या आसपास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांवर अडीच-तीन हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं काही उमटत नसे. त्याहून वरच्या पट्टीत जे उरतं ती बहुतेक खरखर. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आजच्या काटेकोर हेडफोनवर ऐका, खरखर आधी कानात शिरते आणि गाणं मागे राहतं. तेच डीटी ४८ वर ऐका. त्याचा खर्ज कमी, वरचा भाग आखूड, मधला पुढे. आलेखात हे सगळे दोष. पण जिथं गळा आहे तिथंच हा हेडफोन बोलतो आणि तानेचा दाणा न्‌ दाणा सुटा ऐकू येतो.

तानपुऱ्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलेल्या निबंधात दाखवलं की तानपुऱ्याच्या घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागामुळे एरवी उमटू नयेत असे उपस्वरही त्यात उमटतात. हे उपस्वर मोजता येतात. पण मिरजेचा कारागीर जवारी, म्हणजे तारेचा तो भरदार झंकार, काढतो तेव्हा घोडी घासून, तारेखाली सूत सरकवत, कानानंच ठरवतो की आता लागली. ती जवारी हेडफोनवर ऐकताना स्टॅक्स एकेक उपस्वर वेगळा करून दाखवतो, के २४० ते सगळे एकत्र विरघळवतो. दोन्ही खरे आहेत. मैफलीत पुढच्या रांगेत बसलं तर पहिलं ऐकू येतं, मागे खांबाला टेकून बसलं तर दुसरं. जमवलेले वेगवेगळे हेडफोन म्हणजे मला अशा बसायच्या जागा वाटतात.

ज्यांना या वाटेला लागायचं आहे त्यांनी एक व्यवहाराची बाब लक्षात ठेवावी. जुन्या हेडफोनचा आवाज निम्मा ड्रायव्हरचा आणि निम्मा पॅडचा असतो. फोम वर्षानुवर्षं हवेतली ओल खाऊन भुसभुशीत होतो, रेक्झिनचे पापुद्रे सुटतात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे फार झपाट्यानं घडतं. पॅड मूळ जाडीचे नसतील तर तुम्ही ऐकताय तो हेडफोन बनवणाऱ्याच्या मनातला राहिलेलाच नसतो. म्हणून घेताना आधी पॅड मिळतात का ते पाहावं, डावा-उजवा आवाज सारखा आहे का ते एकाच कानानं आलटून पालटून ऐकावं, आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. सुरुवातीला लाखाची गरज मुळीच नाही. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ मध्ये निघाला आणि जवळपास त्याच रूपात आजही नवा मिळतो. पत्र्याची पट्टी, फोमच्या दोन चकत्या, खर्जाला ठळक फुगवटा. आदर्श वक्राशी ताडला तर नापास. त्यावर एखादी आवडती मैफल पूर्ण ऐकावी, मग तीच दुसऱ्या कुठल्याही हेडफोनवर.