कोयता (ऊसतोडीतील जोडी)

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, ‘टोळीत दहा कोयते’ म्हणतो तेव्हा फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, वीस माणसे उतरणार असतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डी, जालना, परभणी या भागांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचे गाळप संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. निघण्याआधीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. मजुरी टनावर ठरते आणि उचलीतून वळती होते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. काम बुडाले की खाडा, म्हणजे दंड.

विषमतेची मेख या हिशेबातच आहे. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालीच झाला, पण इथे मजुरी एकेकट्या माणसाची मोजलीच जात नाही. हिशेब जोडीचा आणि उचल बहुतेक नवऱ्याच्या हाती. बाई अंधारात उठून भाकरी थापते, पाणी भरते, मग दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. गरोदरपण, पाळी, अंगदुखी काहीही असो, खाड्याची धास्ती सुटत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात बीडमध्ये पाहणी झाली. तीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा वाचून पुढे जाता येत नाही.

वयाचा भारही याच शब्दात दडला आहे. अर्धा कोयता पुरा व्हावा म्हणून पोरांची लग्ने लवकर उरकतात, त्यात मुलींची शाळा सुटते. फडावर आलेली दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. गुडघे गेले की उचल आटते आणि म्हातारी माणसे शाळकरी नातवंडांसह गावीच राहतात. मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीही नाही.

मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, पण तोही टनावरच. संध्याकाळी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, विकून आठवडी बाजाराचे मीठ-मिरची भागते. हंगामात बाईच्या हातात रोख पडते ती बहुधा तेवढीच.