आय-आय

मादागास्करच्या जंगलांत राहणारा निशाचर लेमूर. शास्त्रीय नाव डॉबेन्टोनिया मादागास्करिएन्सिस. निशाचर प्रायमेट (माकड, लेमूर, मानव यांच्या गणातील) प्राण्यांत हा सर्वांत मोठा. वजन सुमारे २.५ किग्रॅ., झुपकेदार शेपटी धडाहून लांब. पटाशीचे दात उंदराप्रमाणे जन्मभर वाढत असल्याने १८व्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी त्याची गणना खारींत केली. तो लेमूरच आहे, हे १९व्या शतकात ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केलेल्या शवविच्छेदनानंतर पक्के झाले. त्याच्या कुळात आज दुसरी एकही जाती उरलेली नाही.

त्याचे सारे जगणे हाताच्या मधल्या बोटावर चालते. हे बोट काडीसारखे बारीक असून मुळाशी जवळपास सर्व दिशांना वळते. अंधारात फांदीवरून सरकताना आय-आय या बोटाने लाकडावर भराभर टिचक्या मारतो आणि मोठे कान पुढे करून आवाज ऐकतो. आत पोकळी लागली, की दातांनी लाकूड कुरतडून भोक पाडतो, बोट आत घालतो व नखाने अळी ओढून काढतो. मादागास्करमध्ये सुतार पक्षी नाहीत. ते काम तिथे हा प्राणी करतो. रामी वृक्षाच्या टणक बिया आणि नारळही तो असेच फोडून खातो. दिवसा तो फांद्या-पानांच्या गोल घरट्यात झोपतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, दोन वेतांत २-३ वर्षांचे अंतर असते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

आपल्याकडे घुबडाला अपशकुनी ठरवले गेले, तसेच तिथल्या काही भागांत याला. त्याने ते बोट ज्याच्याकडे रोखले तो मरतो, अशी समजूत आहे. अशा गावांत तो दिसताच मारला जातो, तर काही ठिकाणी त्याला मारणेच निषिद्ध असते. असे स्थानिक निषेध ‘फादी’ म्हणून ओळखले जातात. नारळाच्या बागांची नासाडी हे त्याला मारण्याचे आणखी एक कारण, आणि शेतकऱ्याचे ते नुकसान खरे असते. मोठा घाला मात्र जंगलतोडीचा. कोकणातील कुमरीप्रमाणे रान तोडून-जाळून तिथे भात पेरतात. या पद्धतीला ‘तावी’ म्हणतात.

आय-आय नामशेष झाला असे मानले जात असतानाच १९५७ मध्ये तो पुन्हा आढळला. १९६६ मध्ये अँतोंजिल उपसागरातील नोसी मंगाबे या निर्मनुष्य बेटावर ९ आय-आय सोडण्यात आले व तिथे ते टिकले. १९९२ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लेमूर केंद्रात एक पिल्लू जन्मले. मादागास्करमध्ये या प्राण्याला कायद्याचे संरक्षण आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे.