बऱ्हाणपूर : तापीकाठी येऊन राहिलेल्यांचे शहर

मराठी वाचकाला बऱ्हाणपूर हे नाव बहुधा दोन प्रसंगांमुळे ठाऊक असते. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल येथे बाळंतपणात वारली, आणि १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने या शहराचे श्रीमंत पुरे लुटले. दोन्ही प्रसंगांत शहर केवळ पार्श्वभूमीला राहते. मुमताजचे शव तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत जेमतेम सहा महिने होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते आग्र्याला हलवण्यात आले. मोगल शहजादे, सुभेदार आणि सरदार यांच्यापैकी बहुतेकांसाठी बऱ्हाणपूर ही दख्खनच्या मोहिमेची छावणी होती. शहराला रूप दिले ते येथे येऊन राहिलेल्यांनी, आणि त्यांतले बहुतेक बाहेरून आलेले होते.

खानदेशचा फारुकी राजा नसीरखान याने इ. स. १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर तीरावर हे शहर वसवले आणि त्याला चिश्ती परंपरेतील सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या तीरावरील जैनाबादला त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांचे नाव मिळाले. हे दोन्ही संत नसीरखानाच्या कितीतरी आधी होऊन गेले होते आणि त्यांच्या कबरी आहेत खुलदाबादला. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना ज्यांची नावे लाभली, त्यांनी हे शहर पाहिलेच नव्हते. जागेची निवड मात्र पूर्णपणे व्यवहारी होती. उत्तरेला असीरगडाचा आधार, शेजारी तापीचे सुपीक खोरे आणि माळव्यातून दख्खनमध्ये उतरणारी वाट, एवढे एकत्र आल्यावर बाजारपेठ वाढायला वेगळे निमित्त लागत नाही.

सोळाव्या शतकात सिंधमध्ये राजकीय अस्थैर्य माजले, तेव्हा तेथील सूफी आणि विद्वान कुटुंबे गुजरात व वऱ्हाडमार्गे फारुकींच्या आश्रयाला आली. त्यांच्या वस्तीवरून पडलेले सिंधीपुरा हे नाव आजही टिकून आहे. १६२२ मध्ये निधन पावलेले शेख ईसा जुनदुल्ला हे याच मंडळींतले. याच काळात, १५९० मध्ये, फारुकी राजा आदिलशाह (राजा अलीखान) याच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरला गेला. त्यात राजाची वंशावळ आहे आणि बांधकामाची तिथी संवत व शक या दोन्ही गणनांत दिलेली आहे. या लेखाकडे धार्मिक सलोख्याचे प्रतीक म्हणून बोट दाखवण्याची पद्धत आहे. मला त्यात त्याहून साधी गोष्ट दिसते : पंचांगाने दिवस मोजणारी, संस्कृत जाणणारी माणसे या शहरात पुरेशा संख्येने आणि प्रतिष्ठेने राहत होती, आणि राजाला आपली वंशावळ त्यांच्यापर्यंतही पोहोचवायची होती.

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर खानदेश मोगलांकडे गेला. त्यांच्या सुभेदारांपैकी शहराशी खरे नाते जडले ते अब्दुर्रहीम खानखानानचे. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा ही पाणीव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपत जाणारे भूजल वाटेतच अडवायचे, ते जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणायचे आणि हवा, उजेड व सफाई यांसाठी त्या मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे बोगद्यापर्यंत उतरणाऱ्या विहिरीसारख्या उभ्या खड्ड्या, खोदायच्या, अशी तिची रचना. ही विद्या मूळची इराणी. नदी उशाशी असताना एवढा खटाटोप का, असा प्रश्न पडू शकतो. परंतु नदी शहराच्या पातळीच्या बरीच खालून वाहते आणि पावसाळ्यात गढूळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

या पाण्यावर सर्वांत जास्त पोसला गेला तो विणकरांचा धंदा. आज मोमीन अन्सारी म्हणून ओळखला जाणारा विणकर समाज आणि त्याच्या जोडीला जरीचे कारागीर यांच्या हातांवर शहराची कीर्ती उभी होती. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवायचा, ती जंतरपट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढायची, तार ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून कलाबतू तयार करायचा. यातली एकेक पायरी वेगवेगळ्या कारागिरांकडे असे. सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि थेट पोलंडपर्यंत जात असल्याचे नोंदवले आहे. हा माल सुरत बंदरापर्यंत पोहोचवण्याचे काम व्यापारी आणि सराफ करीत. १६८१ मध्ये हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने मूळ शहरापासून काही अंतरावर असलेला बहादुरपुरा गाठला तो याच संपत्तीसाठी. औरंगजेब त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये बऱ्हाणपुरात दाखल झाला.

पुढे १७०८ मध्ये नांदेडकडे जाताना गुरू गोविंदसिंग येथे थांबले, त्यांच्या स्मरणार्थ गुरुद्वारा आहे. दाऊदी बोहरांचे श्रद्धास्थान असलेला दर्गा-ए-हकीमी अठराव्या शतकातला. त्यामुळे देशोदेशींचे बोहरा यात्रेकरू आजही येथे येतात. कबीरपंथीयांचे कबीर निर्णय मंदिरही येथेच आहे, आणि विणकरांच्या गावात कबीराचा मठ असावा हे स्वाभाविकच म्हणायचे. पहिला निजाम आसफजाह १७४८ मध्ये बऱ्हाणपुरात वारला, त्याला पुरले मात्र खुलदाबादला, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्याच दर्ग्याच्या आवारात. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, शहर पेशव्यांकडे आले आणि नंतर शिंद्यांकडे गेले.

१८६० मध्ये बऱ्हाणपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच रेल्वे आली. तिचे स्थानक शहरात न होता काही अंतरावर लालबागेत झाले. दरबारच उरले नव्हते, त्यामुळे जरीचे गिऱ्हाईक आटले. इतर कापडालाही गिरण्यांच्या मालाशी सामना करावा लागला. जरीच्या कारागिरीची साखळी हळूहळू तुटत गेली. विणकर मात्र गाव सोडून गेले नाहीत. त्यांच्या मोहल्ल्यांत हातमागांच्या जागी यंत्रमाग बसले आणि दिवसभर त्यांचा खडखडाट चालू असतो.