यकृत प्रत्यारोपणानंतरची संध्याकाळची गोळी

थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तो लहानगा रुग्ण रक्तस्रावाने शस्त्रक्रियेतच गेला. १९६७ पासून काही रुग्ण वर्षाहून जास्त जगू लागले, तरी पुढची दहा-बारा वर्षं निम्म्याहून अधिक जण पहिल्या वर्षातच दगावत. हात सरावले होते, पण शरीर परकं यकृत नाकारतं त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. १९८० च्या आसपास सायक्लोस्पोरिन आलं आणि चित्र पालटलं. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून त्याच कामाचं टॅक्रोलिमस हे औषध मिळालं. १९८९ मध्ये स्टार्झल यांच्याच चमूने ते पिट्सबर्गला रुग्णांना दिलं. १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीत देशातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं.

टॅक्रोलिमस गुणी औषध खरं, पण नाजूक. रक्तात कमी पडलं तर शरीर यकृत नाकारतं, जास्त झालं तर मूत्रपिंडावर ताण, हात थरथरणं, मधुमेह. म्हणून ‘टॅक्रो लेव्हल’, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण, तपासावी लागते, तीही पुढचा डोस घेण्याआधी. नाशिकहून पहाटे आवरून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला तपासणीला जाणारा रुग्ण सकाळची गोळी खिशात ठेवतो आणि रक्त दिल्यावरच घेतो. ग्रेपफ्रूट (हे द्राक्ष नव्हे, लिंबूवर्गीय फळ) आणि पपनस त्याला वर्ज्य, कारण त्यांनी लेव्हल चढते. आपल्या द्राक्षांना ही मनाई नाही. मात्र स्वच्छ धुऊन खावीत.

खरी अडचण संध्याकाळच्या डोसची. बारा तासांचं अंतर हवं, पोटही रिकामं हवं, आणि नेमकी तीच वेळ दुकान बंद करण्याची, पाहुण्यांची, लग्नाच्या पंगतीची. चुकतो तो बहुधा हाच डोस. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आयुष्यभराचं वेळापत्रकच तसं अवघड आहे.

यावर तोडगा म्हणून औषध हळूहळू सोडणारी, दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल आली. युरोपात तिला २००७ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांमध्ये ती दोन वेळच्या गोळीइतकीच प्रभावी ठरली, आणि बदल केलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे डोस चुकणं कमी झालं. २०१५ मध्ये युरोपीय यकृत प्रत्यारोपण नोंदवहीच्या अभ्यासात तीन वर्षांनंतर यकृत टिकण्याचं प्रमाण एक-वेळच्या गटात जास्त दिसलं. मात्र कोणाला कोणतं औषध द्यायचं हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं श्रेय कॅप्सूललाच देता येत नाही. शिवाय औषध तेच असल्याने मूत्रपिंडाची काळजी सुटत नाही; मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं पाहावंच लागतं.

मिलिग्रॅमचा आकडा सारखा दिसला तरी दोन वेळची आणि एक वेळची कॅप्सूल आपापसांत बदलता येत नाही. औषधाच्या दुकानात ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं कोणी म्हणालं, तर ती घेण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. बदल झालाच तर पुन्हा लेव्हल तपासून घ्यावी.