कुळागरातलं लिंबू का तडकतं?

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या मिश्र बागांत, उन्हाळा सरून पहिला मोठा पाऊस पडला की लिंबाखाली टोकाकडून उभी चिरलेली फळं सापडतात. कीड लागली समजून लोक फवारणीचा पंप काढतात. कीड नसतेच, गडबड असते झाडाच्या खाण्यापिण्यात.

तहानलेलं झाड भराभर पाणी ओढतं, गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. पोटॅश कमी असेल तर साल मुळातच पातळ राहते, मग ती फाटते. आपल्या जांभ्या मातीत पोटॅश टिकणं कठीण. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बोरॉन त्यात वाहून जातात आणि माती आम्ल होते.

यात कॅल्शियमकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, याची मला खंत वाटते. सालीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात त्या कॅल्शियममुळे. मुळांतून चढणाऱ्या पाण्याबरोबरच ते वर जातं आणि त्यातलं बरंचसं पानांत अडकतं, कारण बाष्प तिथूनच उडतं. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम फळाकडे परत येत नाही. फळाला त्याचा मुख्य वाटा मिळतो तो फळ धरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. त्यामुळे फळं तडकायला लागल्यावर चुना टाकला तर त्या हंगामातली फळं वाचत नाहीत.

तोरिंगाचं, म्हणजे पपनसाचं, दुखणं वेगळं. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, मोठं फळ हवं म्हणून युरिया सढळ हातानं पडतो. युरियातल्या जादा नत्रानं (नायट्रोजननं) साल जाड आणि खरबरीत होते, रंगही उशिरा चढतो. बोरॉन कमी असेल तर फळ कापल्यावर सालीखालच्या पांढऱ्या थरात तपकिरी डिंकाचे ठिपके दिसतात, बिया पोचट निघतात.

जुनी पानं पिवळी पडून देठाजवळ तेवढा हिरवा त्रिकोण उरला असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. अशा आम्ल मातीत डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) चांगलं, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात. प्रमाण मात्र माती तपासूनच ठरवावं, कारण चुना जास्त झाला तर जस्त आणि लोह झाडाला मिळेनासं होतं. पोटॅशही हप्त्याहप्त्यानं द्यावं. एकदम ओतलं तर ते कॅल्शियम-मॅग्नेशियमची वाट अडवतं. बोरॉनच्या बाबतीत तर हात फारच आखडता हवा. कमी आणि जास्त यांत अंतर थोडं असतं, आणि जास्त झालं की पानांची टोकं करपतात.